अर्धी पोळी, तूप नको

खामगाव
१८ जानेवारी २०२६

सौ. सत्यभामाबाई यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहावं इतकं प्रेम सध्या आपल्यात नाही, आणि विनंतीही मला करायची नाही. तेव्हा नुसता नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर "आवाज येऊन नाही राह्यला" म्हणून ठेवून देता. सत्यभामाबाई, माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. आवाज खरंच येत नाही आणि आवाज ऐकायचा नसतो, यातला फरक मला झोपेतही कळतो. म्हणून हे पत्र. पत्र अर्ध्यावर ठेवता येतं, पण पुढे काय लिहिलंय हे पाहिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

काल प्रेमचा पुण्याहून फोन आला. माझा मुलगा इंजिनिअर होऊनही एक वाक्य सरळ बोलायला शिकलेला नाही. "आई, दीपमालाचं डोहाळजेवण एप्रिलमध्ये तिच्या माहेरी, धाडला करायचं ठरतंय. तू येशीलच. म्हणजे, यावंस असं सगळ्यांनाच वाटतं. फक्त तिच्या घरच्यांचं म्हणणं असं आहे की..." मी म्हटलं, "प्रेम, श्वास घे आणि बोल." तेव्हा निघालं. मी आले तर भरलं ताट जेवायचं. सगळ्यांसमोर. तूप घेऊन. तेवढं जमणार नसेल तर विहीणबाईंनी खामगावातच आराम करावा.

म्हणजे माझ्याच नातवंडाच्या डोहाळजेवणाला मला प्रवेशपरीक्षा! कमाल आहे तुमची.

लग्नातली तुमची बाजू मी अर्ध्या जिल्ह्याच्या तोंडून ऐकली आहे. नांदुऱ्याच्या माझ्या आतेबहिणीपर्यंत ती पोचली, आणि पोचेपर्यंत त्या गोष्टीत मी ताट भिरकावलं होतं. आता माझी बाजू ऐका.

मला साखर आहे. माझ्या आईलाही होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्यानंतर ती खाटेवरून उठली ती थेट तिरडीवर. भेटायला येणारी प्रत्येक बाई पदराखाली पेढा घेऊन यायची आणि म्हणायची, "खाय वं माय, एकानं काय होते?" हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निवृत्त झाले तेव्हा माझं वजन ब्याण्णव होतं. डॉक्टर महामाया म्हणून इथे एक तरुण मुलगी आहे. तिनं माझे तळपाय टाचणीनं टोचून पाहिले. एका ठिकाणी टोचलेलं मला कळलंच नाही. त्या दिवशी मी ठरवलं.

ठरवलं म्हणजे उपास धरले नाहीत. पावडरी ढवळून प्यायले नाहीत. त्या पावडरवाल्या बायका माझ्या दारात तीनदा आल्या, तिन्ही वेळा बाहेरच्या बाहेर गेल्या. महामाया म्हणाली, "काकू, जे दहा वर्षांनंतरही पाळता येईल तेवढंच आज सुरू करा." म्हणून मी ज्वारीची भाकरी खाते, मुगाचं वरण खाते, पालेभाजी पोटभर खाते आणि सकाळी जनुना तलावापर्यंत चालत जाते. गोड आणि तूप वर्ज्य नाही, पण मोजकं. हे सगळं लग्नाच्या आधीपासून चालू होतं आणि तुम्हाला कळवायचं काम मी प्रेमवर सोपवलं होतं. त्यानं ते कळवलं नाही. "आई, मला लाज वाटली गं," असं तो मला लग्नानंतर म्हणाला. कशाची लाज? आईच्या साखरेची की आईच्या अंगाची, हे मी विचारलं नाही.

मग ती विहिणीची पंगत. चौरंग, रांगोळी, गुलाबाच्या पाकळ्या. तुम्ही स्वतः वाढायला आलात. मी म्हटलं, "अर्धी पोळी, तूप नको." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, विहीण लाजते आहे. तुपाचं भांडं तिरपं केलंत आणि मी ताटावर हात धरला. तूप गरम होतं. माझ्या मनगटावरून ते नव्या शालूवर गेलं. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "ईनबाईनं तूप नाकारलं!" आणि ढोल वाजवणाऱ्यानं हातातली काठी खाली ठेवली.

"घ्यायचं आणि ताटात टाकायचं होतं की," असं नंतर मला पन्नास जणींनी शिकवलं. मला ताटात टाकता येत नाही. अकोल्याला नन्सच्या शाळेत वाढले मी. जेवणाच्या लांबलचक टेबलांमधून सिस्टर ॲग्नेस फिरायच्या, आणि ज्या मुलीच्या ताटात घास उरला तिच्या मागे त्या उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. आजही ताटात अन्न उरलं की मला मानेवर त्यांचा श्वास जाणवतो. म्हणून मी वाढतानाच नाही म्हणते. याला तुम्ही माज म्हणता. मी याला अन्नाचा मान म्हणते.

तुमच्याकडे तूप नाकारणं म्हणजे मानपान कमी पडल्याची खूण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्याकडे नको म्हणजे नको असतं. एवढंच.

डोहाळजेवणाला मी येणार आहे. मला झेपेल तेवढं खाणार आहे. आवाज येत असेल तर तसं कळवा.

जयमाला

*

खामगाव
६ फेब्रुवारी

सत्यभामाबाई,

उत्तर म्हणून तुम्ही डबा पाठवलात. चार पुड्यांचा, पितळी, माझ्या गुडघ्याएवढा.

तुमचे यजमान इंद्रभानराव मिरचीचा भाव बघायला खामगावच्या बाजारात आले होते. दारात उभे, हातात डबा, चेहरा असा की जणू कोर्टाचं समन्स घेऊन आलेत. "ईनबाई, हे तिनं देलं. म्हणे, हातात देऊन या अन् जेवेपर्यंत बसून राहा."

"पहारा द्यायला सांगितलाय?"

"आता तसंच समजा."

मी उघडला. वरच्या पुड्यात डिंकाचे लाडू. त्याखाली पुरणपोळ्या. त्याखाली रोडगे, तुपात बुडवलेले, बुडवून पुन्हा बुडवलेले. सगळ्यात खाली वांग्याची भाजी, तिच्यावर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. सत्यभामाबाई, वास इतका सुंदर होता की मला तुमचा भयंकर राग आला.

इंद्रभानरावांना मी आधी पाटावर बसवलं. घरात होतं ते वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण, ठेचा, ताक. ते जेवले. पुन्हा भाकरी मागितली. मग म्हणाले, "हे पथ्याचं जेवन असन तर मले बी लागू करा." मला हसू आलं. हे तुम्हाला कळू नये म्हणून मी स्वयंपाकघरात गेले होते, पण ते घरी येऊन सांगतीलच, तेव्हा मीच सांगते.

मी त्यांच्यासमोर अर्धा रोडगा आणि भाजी घेतली. सावकाश खाल्ली. रोडगा उत्तम होता. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ. असा रोडगा माझ्या हातून कधी जमला नाही. बाकीचं सगळं शेजारच्या विमलबाईंच्या घरी गेलं, तिथे तीन कर्ते मुलगे आहेत, संध्याकाळपर्यंत डबा घासून परत आला.

निघताना इंद्रभानराव उंबऱ्यात थांबले. पायातली चप्पल चाचपडत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खरं सांगा ईनबाई. राग नाही मानत मी. लग्नात काय कमी पडलं होतं?"

नऊ महिने होत आले लग्नाला! हा माणूस नऊ महिने हेच मनात घेऊन मिरचीला पाणी देतो आहे! मी त्यांना म्हटलं, "काहीही कमी पडलं नव्हतं. झालंच असेल तर जास्त झालं होतं." त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला नाही, हे मला पाठीवरून कळलं.

याला कोण जबाबदार आहे? मी? मी त्या मांडवात, तूप गळत्या हातानं, तीन वेळा मोठ्यानं म्हटलं होतं की मला पथ्य आहे. कुणी ऐकलं? तुमच्या सासूबाई तानुबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं: "मोठ्या घरच्या बाया असंच म्हनतात." माझं घर दोन खोल्यांचं आहे, हे त्यांना एकदा आणून दाखवा.

रिकामा डबा परत द्यायचा नाही, एवढं मला नन्सनीही विसरायला लावलेलं नाही. जवसाची चटणी आणि फुटाणे भरून पाठवते आहे. टोमणा समजू नका. चटणी खरोखर चांगली झाली आहे.

जयमाला

*

खामगाव
५ मार्च

सत्यभामाबाई,

चटणी टोमणाच समजलात. प्रेम सांगत होता. "आई, तू त्यांना फुटाणे का पाठवलेस?" मी म्हटलं, "मग काय हिरे पाठवू?"

तुमच्या जावयाचं आता एकच पालुपद आहे: "आई, एका दिवसानं काय होतं?" दीपमाला बिचारी मागे उभी असते फोनवर, मला तिचा श्वास ऐकू येतो, पण बोलत नाही. तिच्या दोन आयांच्या मधे तिचं पोट वाढतं आहे.

एका दिवसाचं सांगते. संक्रांत हा एक दिवस. हळदीकुंकवाचे पंधरा दिवस, त्यातलं प्रत्येक घर हा एक दिवस. विमलबाईंच्या थोरल्याला नोकरी लागली, तो एक दिवस. माझ्या जुन्या ऑफिसातल्या सुभद्राबाई निवृत्त झाल्या, केक कापला, एक दिवस. महाशिवरात्रीला साबुदाणा, कारण उपासाला चालतो. होळीची पोळी, पाडव्याचं श्रीखंड, रामनवमी, आखाजीचा आमरस, मग लग्नसराई. वर्षभर कुणाचा ना कुणाचा एक दिवस असतोच. माझा एक दिवस कधी येतो ते मला कुणीतरी सांगा.

आणि प्रत्येक जण मला प्रेमानंच मारतो, म्हणून ओरडताही येत नाही.

होळीचं सांगू का? हे तुम्हाला का सांगते आहे ते कळत नाही. विमलबाईंनी चार पोळ्या आणून दिल्या. मी एकटी होते. प्रेमचे वडील गेल्यापासून सणाला घर फार मोठं वाटतं, दोनच खोल्या असून. बाहेर होळी पेटली, पोरं बोंब मारत होती, आणि मी ओट्याशी उभी राहून चारही पोळ्या खाल्ल्या. बसलेसुद्धा नाही. तुपाची बरणी हातात होती. चौथी संपली तेव्हा मला चव कळली.

मग मी रडले वगैरे, असं समजू नका. मला राग आला. अंगावर, होळीवर, विमलबाईंवर, तुमच्यावरही. तुमचा तर काही संबंध नव्हता. सकाळी उठून तलावाकडे गेले. महामायाला फोन करून सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती पोरगी म्हणते, "काकू, पाय घसरला म्हणून कुणी घर सोडून देतं का? उठून भाकरी टाका." मी भाकरी टाकली.

माझं पथ्य हे असं आहे. काचेचं नाही. मोडतं, पुन्हा सुरू होतं. पण मोडायचं असेल तर मी माझ्या ओट्याशी माझ्या हातानं मोडेन. तुमच्या मांडवात, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून मोडणार नाही.

जयमाला

*

खामगाव
२२ मार्च

सत्यभामाबाई,

पाडव्याला तुमचा फोन आला. पहिल्यांदा. मी लगबगीनं उचलला. तुम्ही म्हणालात, "एवढा काय तो हट्ट? आम्ही का जहर वाढून राह्यलो तुमाले? मानसानं मानसाचं मन राखावं." आणि ठेवलात.

बरं. मन राखण्याची गोष्ट तुम्ही काढली आहे, तर एक मी आजवर लिहिलं नव्हतं ते लिहिते.

लग्नात मी ताटावर हात धरल्यानंतर तुम्ही भांडं घेऊन माघारी वळलात, आणि मी पथ्य म्हणून सांगत असताना मागून एक बाई म्हणाली, "हत्तीनं बी कधी पथ्य केलं काय?" आणि बायका हसल्या. खदाखदा नाही. पदर तोंडात घालून. ते जास्त ऐकू येतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला पाहायची गरज नव्हती. ट्रंक कॉलच्या काळात नुसत्या 'हॅलो'वरून मी माणूस ओळखायची. कोण घाबरलंय, कोण उधारीसाठी फोन करतोय, कुणाकडे मयत झालंय. तो आवाज कुणाचा होता ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे.

मी प्रेमला सांगितलं नाही. दीपमालाला कधीच सांगणार नाही. पण माझ्याकडून मन राखण्याची अपेक्षा करताना एवढं लक्षात असू द्या की त्या मांडवात फक्त तुमचंच मन नव्हतं.

डोहाळजेवण बारा तारखेला आहे असं कळलं. मी सकाळच्या गाडीनं येते.

जयमाला

*

खामगाव
१४ एप्रिल

सत्यभामाबाई,

घरी नीट पोचले. बोथ्याच्या घाटात गाडी बंद पडली, पण ते तुमच्या सासूबाईंच्या शापानं नसावं.

परवा तुमच्या घरी जे झालं त्यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही आत पोळ्या लाटत होतात. तुम्हाला तानुबाईंची आवृत्ती मिळाली असेल. माझी ही घ्या.

मला खुर्ची दिली, समोर टेबल, टेबलाभोवती रांगोळी. दीपमाला शेजारी, हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, घामानं निथळत. तानुबाई समोरच्या पलंगावर काठी घेऊन, जणू आखाड्याच्या पंच. म्हणत होत्या, "आज पाहू बाप्पा, खामगावची ईनबाई काय जेवते अन् काय नाही." बायका माझ्या ताटाकडे पाहत होत्या, एक मुलगी तर मोबाइल धरून होती.

मी ठरवून आले होते. अर्धी पोळी, भाजी, कोशिंबीर, आणि उठायचं. कुणी काय म्हणायचं ते म्हणो.

तेवढ्यात दीपमाला माझ्या कानाशी वाकली. "आई, जे घ्यायचं ते घ्या, पण लवकर जेवा हो. माझी आई कालपासून उपाशी आहे."

"का? तिला काय झालं?"

तेव्हा तिनं सांगितलं. तुमच्या घराची रीत. आदल्या दिवसापासून, विहीण तृप्त होऊन उठल्याशिवाय, मुलीच्या आईनं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. आणि तृप्त झाली की नाही ते तानुबाई ठरवणार. लग्नाच्या दिवशी त्यांनी ठरवलं की तूप नाकारलं म्हणजे पंगत पुरी झाली नाही. म्हणून तुम्ही त्या दिवशी जेवलाच नाहीत. पाठवणीच्या वेळी तुम्ही चक्कर येऊन पडलात, ती पोरीच्या वियोगानं नव्हे. आणि मी गाडीच्या काचेतून पाहत म्हटलं होतं, काय हे नाटक!

मला इतका संताप आला, सत्यभामाबाई, की गेले अकरा महिने मी तुमच्यावर केलेला राग त्यापुढे चहाच्या पेल्याएवढा होता. एका बाईनं न मोजता खायचं आणि दुसरीनं न खाता बघायचं, आणि या दोन्हीला मान म्हणायचं? माझ्या आईला पेढे भरवून खाटेवर घातलं, तुम्हाला उपाशी ठेवून मांडवात पाडलं, आणि दोन्हीकडे असं करणाऱ्या बायकाच. कुणी केली ही रीत? जिनं केली ती स्वतः जेवली होती की नाही, तेवढं मला सांगा.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हटलं, "मी रुसले."

इंद्रभानराव दारात आले, हातातला तांब्या तसाच. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण थांबायची वेळ नव्हती.

मी तानुबाईंना विचारलं, "विहीण रुसली तर तिचं मागणं पुरवतात ना तुमच्याकडे?"

म्हातारीचे डोळे चमकले. तिला वाटलं, आता सोन्याचं निघणार. "हाव. पुरवाच लागते. बोला, काय पाह्यजे?"

"माझ्या शेजारी माझी विहीण जेवायला बसली पाहिजे. आत्ता. तिचं ताट माझ्याबरोबर वाढायचं. ती घास घेईल तेव्हा मी घेईन."

"असं कुठं असते काय वं!" काठी आपटली त्यांनी. "पोरीची माय ईनीच्या बरोबरीनं बसते काय? लोक तोंडात शेन घालतील!"

"मग मी उठते." आणि मी खरंच उठायला लागले. गुडघा कटकन वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला असेल. "तुमच्या दारातून विहीण उपाशी गेली म्हणून सांगा मग लोकांना."

तानुबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. त्यांच्याच रीतीत त्या सापडल्या होत्या. "बसा वं माय, बसा!" आणि आत तोंड करून त्या ओरडल्या, "सत्यभामा! लाटणं ठेव अन् ये इकडं, तुह्या ईनीले भूत लागलं!"

इथून पुढे तुम्ही होतात. पिठाचे हात पदराला पुसत आलात आणि कुठे बसावं ते तुम्हाला कळेना. स्वतःच्या घरात! दीपमालानं उठून तुम्हाला तिची खुर्ची दिली. तुम्ही पोळीचा पहिला घास हातात धरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ते हत्तीचं... ते मी..."

"माहीत आहे. गरम आहे तोवर खा."

तुम्ही खाल्लंत. दोन पोळ्या, भरपूर तूप, आमटी ओरपून. तुम्ही काडीसारख्या आहात, तुम्हाला शोभतं. मी माझी अर्धी खाल्ली आणि कुणीही, अगदी तानुबाईंनीही, माझ्या ताटाकडे पाहिलं नाही, कारण सगळ्या तुमच्याकडे पाहत होत्या. इंद्रभानरावांनी तांब्या खाली ठेवला आणि आपल्या हातानं तुम्हाला पाणी दिलं. मला वाटतं, लग्नात काही कमी पडलं नव्हतं हे त्यांना परवा पटलं.

पोळी गरम असताना अशी लागते हे माहीत नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. साऱ्या आयुष्यात? त्याचा मला अजून राग येतो आहे.

तुमची
जयमाला

*

खामगाव
२ मे

प्रिय सत्यभामाबाई,

काल फोनवर तुम्ही इतक्या हळू बोलत होतात की मला जुना ट्रंक कॉल आठवला. तानुबाई पलीकडच्या खोलीत होत्या ना?

तर त्यांचं म्हणणं असं, की खामगाववालीनं त्यांची सून बिघडवली. सून आता सगळ्यांच्या बरोबर पानावर बसते. आणि म्हणून होणाऱ्या बाळाच्या बारशाला या बाईनं धाडात पाय ठेवू नये. आणि तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही नका येऊ जयमालाबाई, उगाच भांडण होईन. मी लेकराचा फोटो पाठवते."

फोटो! सत्यभामाबाई, मी फोटो पाहायला भाकऱ्या भाजून राहिले आहे का?

मी येणार आहे. पहाटे उठून, एसटीनं, बुलडाण्याला गाडी बदलून. बसस्टँडवर जीप पाठवू नका, तुमच्या घरापर्यंत मी चालत येईन, बाजारातल्या लोकांनी पाहिलं तरी चालेल. मागच्या वर्षी मला एवढं चालता येत नव्हतं. तळपायाच्या त्या जागेवर महामायानं गेल्या आठवड्यात पुन्हा टाचणी टोचली. कळलं. पुसटसं, पण कळलं. मी ओरडले तेव्हा ती पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

तिच्या काट्यावर सध्या वजन जागचं हलत नाही. दोन महिने तेच. मी चिडले. ती म्हणाली, "चढत नाही ना? मग चिडता कशाला?" तिला चिडण्यातलं काही कळत नाही, अजून लहान आहे.

तुम्ही मात्र पानावरून उठू नका. मी येईपर्यंत तरी. त्या काय बोलतील ते बोलू द्या, घास चावून खा.

आणि तानुबाईंना माझा निरोप द्या, हळू नको, मोठ्यानं. महिन्यात दहा किलो उतरवणारी बाई दुसऱ्या महिन्यात अंथरूण धरते आणि लोकांची तिच्यापासून सुटका होते. मी तसलं काही करत नाही. मी अतिशय सावकाश बारीक होणार आहे, मला कसलीही घाई नाही, आणि मी धाडला अजून फार फार वर्षं येत राहणार आहे. त्यांनी आत्तापासूनच सवय करून घ्यावी.

जयमाला